दुखणं कुणाचं, खिन्नता कुणाची?



मागच्या व्याख्यानात आपण देह आणि मन यांच्याबद्दल बोलत होतो. देकार्तपासून सुरुवात केली होती आणि वेळ संपली तेव्हा जेमतेम स्पिनोझापर्यंत पोचलो होतो. निघता निघता एका बाईंनी प्रश्न विचारला. म्हणाल्या, 'सर, हे सगळं ठीक आहे. पण मोठ्या दुखण्यात माणूस मनानं खचतो, तेव्हा बायका जास्त खचतात की पुरुष?' वेळ नाही असं सांगून आम्ही सुटका करून घेतली. खरं म्हणजे उत्तर तयार नव्हतं. आज त्याच प्रश्नावर बोलू या.

आकड्यांचं उत्तर झटकन देता येतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नैराश्याचा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये सुमारे दीडपट आढळतो. पण 'आढळतो' हे क्रियापद जरा थांबून पाहायला हवं. एखादी गोष्ट आढळायची तर ती कुणीतरी शोधावी लागते. शोधणाऱ्याच्या हातात कसली तरी मोजपट्टी असते, आणि ती पट्टी कुणाच्या मापानं कापलेली आहे हा प्रश्न इतिहासाचा आहे. म्हणून आज तत्त्वज्ञान थोडं बाजूला ठेवून दीडशे वर्षांचा एक इतिहास पाहू.

त्याआधी घरातली एक गोष्ट. सांगावी की नाही याचा बराच विचार केला. हिची परवानगी घेतली आहे.

चौसष्टाव्या वर्षी आमची बायपास झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण घरी आल्यावर तीन-चार महिने आम्ही काही वेगळेच झालो होतो. पेपर हातात घ्यायचा आणि भिरकावून द्यायचा. दूधवाल्याशी भांडण, वॉचमनशी भांडण. विद्यार्थी भेटायला आले तर 'झोपलेत म्हणून सांग'. ज्या पुस्तकांवर आयुष्य काढलं त्यांतलं एक उघडलं नाही. पाहुणे म्हणायचे, 'मोठं ऑपरेशन झालंय, चिडचिड व्हायचीच.' जुने सहकारी म्हणायचे, 'सर मूळचेच तापट.' हा माणूस उदास आहे असं कुणी म्हटलं नाही. आमच्या नावामागं तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट आहे, तरी आम्हांलाही तो शब्द सुचला नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी हिची पाळी आली. तीन आठवडे थकवा, जबडा दुखतोय, पाठीत भरून येतंय, जिना चढताना दम लागतोय. ज्या डॉक्टरांकडं गेलो त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले, आमच्याकडं पाहून हसले आणि म्हणाले, 'या वयात होतं असं. टेन्शन घेऊ नका.' पित्ताच्या गोळ्या दिल्या, झोपेची एक दिली. कार्डिओग्राम काढला नाही. अकराव्या दिवशी हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, पाचव्या दिवशी घरी आली आणि आठव्या दिवशी ओट्यापाशी उभी होती. त्या दिवशी चहा कुणी मागितला म्हणाल, तर आम्हीच.

एकाच घरातल्या या दोन चुका. पुरुषाची खिन्नता होती, ती कुणाला दिसली नाही. बाईचं दुखणं हृदयाचं होतं, ते मनावर ढकललं गेलं. आणि नंतर ती खरोखरच मनानं खचली तेव्हा तेही कुणाला दिसलं नाही, कारण स्वयंपाक वेळेवर होत होता.

आपल्या परंपरेत खिन्नतेचं सगळ्यांत तपशीलवार वर्णन कुठं आहे? गीतेच्या पहिल्या अध्यायात. अर्जुनाचे हातपाय गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, कातडीची आग होते, धनुष्य हातातून निसटतं. सगळी लक्षणं शरीराची आहेत, पण श्रीकृष्ण त्याला काढा देत नाही. त्या विषादाला योगाची पदवी मिळाली आणि त्याच्यावर उपाय म्हणून पुढचे सतरा अध्याय बोलणं झालं. आता रामायणातली कैकेयी आठवा. ती दागिने टाकून जमिनीवर पडते. त्या जागेला आपल्याकडं कोपगृह म्हणतात. तिचा हेतू चांगला होता असं आमचं म्हणणं नाही. पण बाई जमिनीला लागली की ती रुसली आहे, काहीतरी मागणार आहे, हे वाचन तयारच असतं, याकडं लक्ष वेधायचं आहे.

आणि आपली रोजची भाषा. नैराश्य हा शब्द आपण भाषणात वापरतो, डिप्रेशन दवाखान्यात. घरात बायका काय म्हणतात? जीव घाबरा होतो, छातीत कालवतं, अंगात त्राण नाही, कशात जीव लागत नाही. सगळं 'जीव' या एका शब्दाभोवती. त्यात देह किती आणि मन किती याची फाळणी झालेली नाही. देकार्तला उत्तर द्यायला हा शब्द फार छान आहे. दवाखान्यात मात्र तोच बाईच्या अंगाशी येतो. 'जीव घाबरा होतो' हे ऐकून डॉक्टर हृदय तपासतील की झोपेची गोळी देतील, हे बऱ्याचदा समोर साडी आहे की शर्ट यावर ठरतं.

आता अमेरिकेत जाऊ, फिलाडेल्फियाला. हेच शहर का, ते पुढं कळेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सायलस वेअर मिचेल हा तिथला फार मोठा मज्जाविकारतज्ज्ञ होता. यादवी युद्धात त्यानं जखमी शिपायांवर उपचार केले. हात तुटलेला शिपाई सांगायचा, 'डॉक्टर, माझ्या बोटांत कळा येतात.' बोटं तर नाहीत! मिचेलनं त्याला वेड्यात काढलं नाही. ती वेदना खरी मानली, नोंदवून घेतली आणि तिला नाव दिलं. फँटम लिंब हे आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला माहीत असलेलं नाव त्याचंच आहे. म्हणजे नसलेल्या हाताचं दुखणं ऐकून घेण्याइतका हा कान तयार होता.

याच मिचेलनं १८७७ मध्ये 'फॅट अँड ब्लड' नावाचं पुस्तक लिहून विश्रांती-उपचार प्रसिद्ध केला. थकलेल्या, अशक्त, उदास स्त्रीला सहा-आठ आठवडे अंथरुणात ठेवायचं. भरपूर दूध, स्निग्ध आहार, मालिश, विजेचे सौम्य झटके. घरच्यांनी भेटायचं नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही. तशाच तक्रारी घेऊन पुरुष आला तर? त्याला पश्चिमेकडं पाठवायचं. घोड्यावर बस, शिकार कर, मोकळ्या हवेत राहा. ओवेन विस्टर नावाचा तरुण १८८५ मध्ये असाच वायोमिंगला गेला, आणि त्या अनुभवातून पुढं काउबॉयची कादंबरी लिहून नावारूपाला आला.

मिचेलला खलनायक करायचं कारण नाही. त्याच्याकडं येणाऱ्या कित्येक बायका खरोखरच उपाशी, रक्त कमी झालेल्या, बाळंतपणांनी पिळून निघालेल्या होत्या. त्यांना खायला घालणं आणि घराच्या कटकटीतून काही आठवडे उचलून बाहेर काढणं यात शहाणपण होतं. काही बऱ्याही झाल्या. पण तब्येत सुधारल्यावर बाईनं परत कुठं जायचं? जिथून आली तिथंच. शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका बाळंतपणानंतर खोल खिन्नतेत गेली होती. १८८७ मध्ये ती त्याच्याकडं आली. तिनं स्वतः पुढं लिहिलं आहे की घरात रमा आणि लेखणीला हात लावू नका, अशा अर्थाचा सल्ला देऊन तिला परत पाठवण्यात आलं. त्या सल्ल्यानं ती वेडाच्या काठावर पोचली. मग तिनं सल्ला गुंडाळून ठेवला आणि कथा लिहिली. 'द यलो वॉलपेपर' या नावानं ती १८९२ मध्ये छापून आली.

आता फिलाडेल्फियाच का, ते. गिलमन मिचेलकडं येण्याच्या आदल्याच वर्षी, ११ मार्च १८८६ ला, त्याच शहरात आपली एक मुलगी डॉक्टर झाली होती. आनंदीबाई जोशी. १८८३ पासून ती तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होती. मिचेल आणि आनंदीबाई कधी भेटल्याचं आम्ही सुचवत नाही आहोत. पण थकलेल्या बाईनं अंथरुणात पडून राहावं असं ज्या शहरातला सर्वांत नामांकित डॉक्टर सांगत होता, त्याच शहरात ही विशीतली मुलगी ताप अंगावर काढत शरीरशास्त्र शिकत होती.

तिचं दुखणं अमेरिकेत सुरू झालं नव्हतं. कलकत्त्यात असतानाच डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनमधून ताप, धाप अशी लक्षणं होती. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधं पाठवली होती, त्यांचा उपयोग झाला नाही. त्याआधी, चौदाव्या वर्षी, तिला मुलगा झाला होता आणि दहा दिवसांचा होऊन गेला होता. हे दुःख तिनं डॉक्टर होण्याच्या निश्चयात घातलं असं आपण शाळेपासून सांगतो, आणि ते खरंच आहे. पण निश्चयात घातलेलं दुःख संपतं का? ताप होता, तो क्षयाचा निघाला. त्याखाली जे काही होतं त्याला नाव द्यायला कुणी बसलं नाही. नवऱ्याचा ध्यास, लोकांची टीका, परदेशातली थंडी, परकं अन्न, परीक्षा. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात नेमणूक झाली, पण ती तिथं कामावर बसू शकली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारली, तेव्हा बावीस पूर्ण व्हायला महिना होता.

आम्हांला एक गोष्ट खटकते ती सांगतो. आपण आनंदीबाईंचं चरित्र वाचतो ते जिद्दीचं म्हणून, किंवा गोपाळरावांचं कोडं म्हणून. जीवघेण्या आजारासह जगणारी एक तरुण स्त्री म्हणून वाचत नाही. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळं ती सामग्री मराठीत आपल्यासमोर शंभराहून अधिक वर्षं आहे. ती पुन्हा एकदा या नजरेनं वाचावी.

आनंदीबाईंच्याच महाविद्यालयातून, वीसेक वर्षं आधी, १८६४ मध्ये मेरी पटनम जेकोबी बाहेर पडली होती. पाळीच्या दिवसांत बायकांनी शारीरिक-बौद्धिक श्रम टाळावेत असं हार्वर्डमधले बडे लोक सांगत होते, आणि त्यावरून मुलींच्या उच्च शिक्षणाला विरोध करत होते. जेकोबीनं काय केलं? बायकांना प्रश्नावली पाठवून विचारलं! किती दुखतं, कधी दुखतं, काम करता की नाही, व्यायाम करता का. उत्तरं मोजली, नाडीचे आलेख काढले आणि बहुसंख्य बायकांना त्या विश्रांतीची गरज नाही असं दाखवलं. निबंध हार्वर्डच्याच स्पर्धेत नाव न कळता गेला आणि १८७६ मध्ये बक्षीस घेऊन आला. पुढं गिलमनवर उपचार करायची वेळ आली तेव्हा याच बाईनं तिला काम दिलं, डोक्याला खाद्य दिलं.

आणि जेकोबीचा स्वतःचा शेवट. मेंदूजवळ गाठ झाली. त्या गाठीची सुरुवातीची लक्षणं तिनं स्वतः, डॉक्टरच्या तटस्थपणानं, लिहून ठेवली. आणि लेखिकेचा मृत्यू याच गाठीनं झाला, हे शीर्षकातच घातलं. १९०६ मध्ये ती गेली. माझ्या दुखण्याची नोंद दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही, असा तो बाणा होता.

त्याच काळातलं एक भाऊ-बहिणीचं उदाहरण पाहू. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून विल्यम जेम्सला टाळून पुढं जाता येत नाही. १८७० च्या सुमारास विल्यम तीव्र खिन्नतेतून गेला. त्याची धाकटी बहीण ॲलिस किशोरवयातच आजारी पडली आणि आयुष्यभर आजारीच राहिली. भावाच्या खिन्नतेचं पुढं काय झालं? हार्वर्डची नोकरी, मानसशास्त्राचा महाग्रंथ. उतारवयात त्याला हृदयविकार जडला, ठरलेली व्याख्यानं लांबली, पण त्या आजारपणातूनच १९०२ चं 'धार्मिक अनुभवांचे प्रकार' हे पुस्तक आलं. त्यात एका फ्रेंच माणसाचा म्हणून भयाच्या झटक्याचा अनुभव दिला आहे. तो स्वतः विल्यमचाच होता, हे त्यानं नंतर कबूल केलं. पाहा, एवढ्या मोठ्या माणसालाही आपलं दुखणं परक्याच्या नावावर टाकावं लागलं. 'पुरुष बोलत नाहीत' असं आपण म्हणतो ते इतकं जुनं आहे.

ॲलिसला हिस्टेरियापासून संधिवातापर्यंत वेगवेगळी नावं मिळत गेली. १८९१ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरनं तिच्या स्तनात गाठ असल्याचं सांगितलं. कर्करोग. तिच्या डायरीत त्या दिवसांची नोंद आहे, आणि ती वाचताना आपण चमकतो. कारण तिला सुटल्यासारखं वाटलं आहे. अखेर हाताला लागणारं, कुणी नाकारू शकणार नाही असं दुखणं मिळालं! पुढच्या वर्षी मार्चमध्ये ती वारली. त्या डायरीच्या सुरुवातीला चारच प्रती छापल्या होत्या. विल्यमची व्याख्यानं सगळ्या जगानं वाचली. दोघांत अधिक खिन्न कोण होतं हे कशानं मोजणार?

विसावं शतक मोजणीचं शतक. त्यातलं हृदयविकाराचं प्रकरण आम्ही निवडलं आहे, कारण तिथं आपल्या प्रश्नाचं उत्तर अगदी आकड्यांत सापडतं.

हृदयविकार हा कर्तबगार पुरुषाचा रोग, ही समजूत जुनी. १९१० मध्ये विल्यम ऑस्लरसारख्या थोर वैद्यानं अशा रोग्याचं चित्र रंगवलं ते तडफदार, महत्त्वाकांक्षी पुरुषाचं. १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रीडमन आणि रोझेनमन या डॉक्टरांनी त्याला 'टाइप ए' हे नाव दिलं: सतत घाईत, चढाओढीत, चटकन भडकणारा. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्यांची फक्त पुढची कडच झिजते, हे म्हणे गादीवाल्याच्या लक्षात आलं होतं. रोगी मागं टेकून बसतच नसत. पुढं त्यांनी तीन हजारांहून अधिक माणसांचा दीर्घ अभ्यास केला. सगळे पुरुष. बायकांना हृदय असतं ते नवऱ्याची काळजी करायला! हा विनोद नाही. १९६४ मध्ये ओरेगॉनमध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं स्त्रियांसाठी हृदयविकारावर मोठी परिषद भरवली. विषय होता, नवऱ्याचं हृदय कसं जपावं.

मनाच्या मोजपट्ट्याही याच काळातल्या. १९६१ मध्ये ॲरन बेकनं एकवीस प्रश्नांची नैराश्याची चाचणी तयार केली. तिच्यात रडण्याबद्दल प्रश्न आहे. झोप, भूक, थकवा, वजन यांबद्दलही आहेत. आता इस्पितळातल्या रोग्याला झोप, भूक, थकवा विचारलं तर गुण वाढणारच, कारण ते आजारामुळंही होतं. ही अडचण ओळखून १९८३ मध्ये लीड्सच्या झिग्मंड आणि स्नेथ यांनी शारीरिक आजार असलेल्यांसाठी वेगळी चौदा प्रश्नांची चाचणी केली आणि देहाची लक्षणं शक्य तेवढी वगळली. कल्पना उत्तम. पण तिच्यातही एक प्रश्न असा आहे, की पुस्तकाचा किंवा रेडिओ-टीव्हीच्या कार्यक्रमाचा आनंद घेता येतो का. ज्या बाईला आयुष्यात दुपारी पाय पसरून पुस्तक वाचायला मिळालं नाही, तिनं काय खूण करावी? आणि ज्या पुरुषानं बापाच्या मयताला डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, त्यानं रडण्याच्या प्रश्नावर?

१९९३ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलहून एक महत्त्वाचा निबंध आला. नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २२२ रोग्यांशी इस्पितळातच बोलून पाहिलं. त्यांतले सुमारे १६ टक्के नैराश्यात होते. आणि पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण या गटात कितीतरी जास्त निघालं. म्हणजे खिन्नता ही आजाराची सावली राहिली नाही. जीव जाण्या-राहण्याशी तिचा संबंध दिसू लागला. साहजिकच पुढचा विचार आला: मन सांभाळलं तर जीव वाचेल का?

त्याच गटानं मोठा प्रयोग केला आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापले. हार्ट अटॅक येऊन गेलेले १३७६ रोगी, ९०३ पुरुष आणि ४७३ स्त्रिया. निम्म्यांना वर्षभर दर महिन्याला फोन. मानसिक ताण वाढलेला दिसला की अनुभवी परिचारिका घरी जायची, धीर द्यायची, माहिती द्यायची, समजावायची. यात वाईट काय होणार? पुरुषांच्या मृत्यूंत काहीच फरक पडला नाही. आणि स्त्रियांत, ज्यांच्याकडं परिचारिका गेल्या त्यांच्यातल्या शंभरांत सुमारे दहा वर्षभरात दगावल्या. ज्यांच्याकडं कुणी गेलं नाही त्यांच्यातल्या पाच. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक काठावरचा होता, म्हणून 'मदतीनं मारलं' असं म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल. पण संशोधकांनी तो आकडा लपवला नाही, ठळकपणे मांडला. आम्हांला त्या निबंधाबद्दल फार आदर वाटतो.

असं का व्हावं? आम्ही डॉक्टर नाही. जे सांगतो तो तर्क समजा. ओळखपाळख नसलेली बाई दर महिन्याला फोन करून 'कसं वाटतंय' विचारते. ताण आहे म्हटलं की घरी येते. घरी कोण असतं? सासू, नवरा, मुलं. त्यांच्यासमोर ती बाई काय बोलणार? आणि त्या परिचारिकेसाठी चहा कोण टाकणार?

२००३ मध्ये अमेरिकेत आणखी मोठा प्रयोग झाला, २४८१ रोग्यांवर, त्यांत हजारावर स्त्रिया. या वेळी उपचार रीतसर मानसोपचारांचा होता. मनःस्थिती सुधारली, पण आयुष्य वाढलं नाही. नंतर आकडे पुन्हा चाळले तेव्हा गोऱ्या पुरुषांना काहीसा फायदा झालेला दिसला, स्त्रियांना नाही. उपचार कुणाला डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला असतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला माहीत नाही.

आता स्टॉकहोम. क्रिस्टिना ओर्थ-गोमेर या डॉक्टरबाईंनी फक्त स्त्री रोग्यांचाच अभ्यास केला. २००० मध्ये त्यांनी हृदयविकार असलेल्या २९२ स्त्रियांची पाच वर्षांची हकिकत मांडली. नोकरीतल्या ताणाचा पुढच्या झटक्याशी संबंध दिसला नाही. मात्र वैवाहिक जीवनात तीव्र ताण असलेल्यांना पुन्हा झटका येण्याचा धोका जवळजवळ तिप्पट निघाला. टाइप ए पुरुषाचा रोग कचेरीत शोधला होता. बाईचा रोग घरात सापडला. स्वीडनमध्ये, बरं का, जिथं बायकांचं सगळं छान चाललं आहे असं आपण समजतो!

मग २००९ मध्ये त्यांनी पुढचा निष्कर्ष दिला. २३७ स्त्री रोगी. त्यांतल्या निम्म्यांचे चार ते आठ जणींचे छोटे गट केले. इस्पितळात यायचं, वर्षभरात वीस बैठका. सगळ्या बायका, चालवणाऱ्याही परिचारिका. पुरुष कुणी नाही. त्यांत आजाराची माहिती होती, व्यायाम-आहार होता, शरीर सैल सोडायला शिकणं होतं, आणि घरच्या-बाहेरच्या ताणांबद्दल बोलणं होतं. सरासरी सात वर्षं पाठपुरावा केला. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातल्या २५ जणी वारल्या, म्हणजे २० टक्के. बैठकांना बसलेल्या गटातल्या ८ जणी, म्हणजे ७ टक्के. प्रयोग लहान आहे, आकड्यांवर फार उड्या मारू नयेत. पण माँट्रियलच्या शेजारी हा ठेवून पाहा. दोन्हीकडं परिचारिका आहेत, सहानुभूती आहे. एका ठिकाणी मदत बाईच्या घरी गेली, दुसऱ्या ठिकाणी बाई मदतीसाठी घराबाहेर पडली. मिचेलच्या उपचारात जे थोडं खरं होतं ते इथं परत आलं, पण वाचाबंदी काढून.

पुरुषांचं काय, असं विचाराल. त्यांच्यासाठी असं काही नीट झालेलं आम्हांला दिसत नाही. त्यांचं वायोमिंग केव्हाच संपलं. पण 'जा, चालून या, मोकळ्या हवेत राहा' हा सल्ला अजून तोच आहे. आम्हांलाही तोच मिळाला. सकाळी सहाला टेकडीवर आम्ही सात-आठ बायपासवाले जमायचो. कोलेस्टेरॉल, गोळ्यांचे भाव, पुणे महापालिका यांवर तासतासभर बोलायचो. त्यांतल्या एकानं वर्षभर रात्री झोप येत नाही हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्हांला ते त्याच्या बायकोकडून कळलं, तो गेल्यावर.

तर त्या बाईंच्या प्रश्नाकडं. जास्त कोण खचतं? आमचं उत्तर असं की बायकांचं खचणं मोजायला आपल्याकडं फॉर्म आहे, पण तो फार वेळा त्यांचं दुखणं तपासण्याऐवजी भरला जातो. आणि पुरुषांच्या खचण्याचा फॉर्म अजून छापलेला नाही. त्यात चिडचिडीचा, भांडणाचा, न उघडलेल्या पुस्तकांचा रकाना लागेल. दीडपट हा आकडा आम्ही नाकारत नाही. बाईवर जे येतं ते जास्त आहेच. पण त्या दीडातलं किती तिच्या वाट्याचं, किती मोजणाऱ्याचं, आणि पुरुषांच्या बाजूला किती नोंदवायचं राहिलं, हा हिशेब अजून व्हायचा आहे.

हिच्याबद्दल सांगायचं राहिलं. आमच्या वसाहतीतल्या पाच-सहा जणी, कुणाला हृदयाचं, कुणाला किडनीचं, एकीचं केमो झालेलं, गुरुवारी चार वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरतात. सुरुवातीला एक योगवाल्या बाई येत असत, आता त्याही येत नाहीत. तरी या जमतात. ही स्टॉकहोमचं नावही न ऐकता जायला लागली. तिथं काय बोलणं होतं ते तिनं आम्हांला सांगितलेलं नाही. एकदा आम्ही विचारलं होतं, तर म्हणाली, 'तुमच्याबद्दलच असतं बरंचसं.' गुरुवारचा चहा आम्ही करतो. आलं जास्त पडतं अशी तक्रार आहे.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या वेळच्या बाई आल्या असतील तर पहिला प्रश्न त्यांचा.